पानावर बसलेले मूल

चौतीस वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर मराठ्यांच्या छावणीतले धान्य संपले आणि उपाशी मरण्यापेक्षा लढून मेलेले बरे म्हणून फौज बाहेर पडली, हे मी दर वर्षी सांगत असे आणि दर वर्षी वर्ग थोडा वेळ गप्प होई. अन्न नसले म्हणजे ते इतिहासात येते. ते असले, रोज दोन वेळा पानात पडत राहिले, म्हणजे त्याची नोंद कोणी ठेवीत नाही. घरातला बाप कसा जेवत होता आणि त्याच्या शेजारी बसलेल्या मुलाने त्या वेळी काय पाहिले, याचा बखरीत पत्ता लागत नाही.

हे माझ्या ध्यानात आले ते गेल्या वर्षी, पुण्याला मुलाकडे गेलो होतो तेव्हा. पाच वर्षांची नात टेबलाशी बसली होती. पाण्याच्या तांब्याला टेकवून तिच्यासमोर मोबाइल उभा केला होता. त्यात कसले तरी निळे जनावर गाणे म्हणत होते, आणि सून तिला वरणभाताचे घास भरवीत होती. नात तोंड उघडी, घास आत जाई; डोळे मात्र हलत नसत. मी बोलणार होतो. शिक्षकाचे तोंड, ते उघडायला वेळ लागत नाही. इतक्यात मुलाने माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे, नुसतेच पाहिले. मी माझा घास गिळला आणि गप्प बसलो.

का गप्प बसलो ते पुढे येईलच. पण त्या दिवसापासून आईबापांनी मुलांना जेवायला कसे शिकवले, याविषयी जे हाती लागेल ते मी वाचू लागलो. निवृत्त माणसाला वेळ असतो, आणि अपराधी मनाला चिकाटी असते.

आपल्याकडची या विषयातली एक फार जुनी गोष्ट बापलेकांचीच निघाली. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आणि त्याचा मुलगा श्वेतकेतू यांचा संवाद आहे. मुलगा बाराव्या वर्षी गुरूकडे गेला आणि चोविसाव्या वर्षी सगळे वेद शिकून, बरोबर बराचसा ताठा घेऊन घरी आला. बाप त्याला पुष्कळ गोष्टी समजावतो. त्यांतली एक अशी, की मन हे अन्नाचेच बनलेले असते. मुलगा म्हणतो, आणखी समजावून सांगा. तेव्हा बाप सांगतो की पंधरा दिवस जेवू नकोस, पाणी मात्र हवे तितके पी. पंधरा दिवसांनी मुलगा समोर येतो. बाप म्हणतो, आता ऋचा म्हण, यजू म्हण, सामे म्हण. मुलाला एक अक्षर आठवत नाही. मोठ्या अग्नीतला काजव्याएवढा निखारा उरावा तसे तुझे झाले आहे, असे सांगून बाप त्याला जेवायला पाठवतो. जेवून आल्यावर विचारील ते त्याला येते.

वेदान्ती लोक या गोष्टीत अन्नाचा सूक्ष्म अंश शोधतात. मला तिच्यातला बाप आवडला. त्याने अन्नाचे माहात्म्य सांगितले, पण मुलाला पानावर बसवून नव्हे. ‘संपव’ असे तो म्हणाला नाही. पंधरा दिवस ‘खा’ असेही म्हणाला नाही. भुकेचे काम त्याने भुकेवर सोपवले. अर्थात मुलगा चोवीस वर्षांचा होता. हा प्रयोग पाच वर्षांच्या मुलीवर करावा असे मी सुचवले असते, तर सुनेने मला पुढच्याच एस.टी.त बसवून दिले असते.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात अन्न समोर येताच त्याचा आदर करावा, त्याला नावे न ठेवता आनंदाने खावे, अति खाऊ नये, असे नियम आहेत. मनूचे पुष्कळ नियम टाकून देण्याजोगे आहेत असे माझे मत आहे. हे त्यांत येत नाहीत. गंमत अशी, की हे नियम जेवणाऱ्याला सांगितलेले आहेत, जेवणाऱ्यावर नजर ठेवणाऱ्याला नव्हेत.

आमचे गाव माण तालुक्यातले. देवळाच्या पुजाऱ्यांच्या घरी मी लहानपणी पंगत पाहिली आहे. पानाच्या डाव्या अंगाला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजव्या अंगाला भाजी. मधे भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तूप. पानाभोवती पाणी फिरवायचे, उजवीकडे चार-पाच शिते चित्राहुतीची ठेवायची, तळहातावर पाणी घेऊन आपोष्णी घ्यायची आणि मग पहिला घास. आमच्या शेतकऱ्याच्या घरात एवढा थाट नव्हता. पण भाकरीचा पहिला तुकडा गाईसाठी बाजूला निघे, ताटाला हात लावून तो कपाळाला लागे, आणि मग सगळे खाली पाहून जेवत. दोन्ही घरांतल्या त्या क्षणभराच्या थांबण्याचा उपयोग एकच होता. हात आणि तोंड यांच्यामध्ये थोडी जागा पडत असे. मूल शेजारी बसून ती जागा पाही. त्याला कोणी उपदेश करीत नसे. पहिल्या दिवशी ते घाईने तोंडात घास कोंबी. आजोबांनी अजून सुरुवात केली नाही हे दिसले, की दुसऱ्या दिवशी आपोआप थांबे.

जुन्या गोष्टींचे गोडवे गाण्याची सवय आमच्या वयाला जडते, म्हणून इथेच एक गोष्ट सांगून टाकतो. चित्त अन्नाकडे ठेवून जेवायची ही चैन ज्याला कोणी वाढत होते त्याची होती. वाढणारी बाई त्या चित्रात कुठेच नसे. पुजारीणबाई काय किंवा माझी आई काय, त्या शेवटी चुलीपुढे बसत. उरलेसुरले एका ताटलीत घेत आणि एक डोळा मांजराकडे, एक निखाऱ्याकडे ठेवून चार घास पोटात ढकलीत. माझी आई सावकाश जेवताना मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी तीस वर्षांचा होतो. माझ्या बायकोने तिला ताट वाढून दिले होते आणि ती अवघडून बसली होती.

‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तिच्यातली अळणी भाजीची गोष्ट महाराष्ट्रात कोणाला सांगावी लागत नाही. आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील मिठाविषयी काही न बोलता ती भाजी खातात, त्यांचे पाहून मुलेही खातात, आणि आई शेवटी जेवायला बसते तेव्हा तिला कळते. आपण ही गोष्ट मातृप्रेमाच्या खात्यात टाकतो. खरे म्हणजे तिच्यात काम करतो तो बाप. भाजी अळणी आहे हे कळायला आधी भाजीकडे लक्ष असावे लागते. ते कळूनही गप्प राहायला भाजी करणारीकडे लक्ष असावे लागते. मुलांकडे तो पाहतही नाही. मुले मात्र त्याच्याकडे पाहत असतात.

शाळेत आम्हाला आरोग्याच्या धड्यात शिकवीत की घास बत्तीस वेळा चावावा, कारण दात बत्तीस. मला कित्येक वर्षे हे आयुर्वेदातले वचन वाटत होते. शोधू लागलो तर सापडले इंग्लंडचे पंतप्रधान ग्लॅडस्टन. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत चार वेळा पंतप्रधान झालेला हा गृहस्थ आपल्या मुलांना घास बत्तीस वेळा चावायला लावी, अशी त्याची ख्याती होती. घरातला हा नियम दंतकथेसारखा पसरला आणि अमेरिकेत होरेस फ्लेचर नावाच्या एका धनिक व्यापाऱ्याने त्याचा पंथ केला.

फ्लेचर (१८४९–१९१९) हे प्रकरण मोठे मौजेचे आहे. वजन दोनशे पौंडांच्या वर गेले म्हणून चाळिशीतच त्याला विमा नाकारण्यात आला. मग त्याने ठरवले की खरी भूक लागल्याशिवाय खायचे नाही, आणि घासाचे पाणी होऊन तो आपण होऊन घशाखाली उतरेपर्यंत चावायचे. दूधसुद्धा तोंडात घोळवायचे. वजन उतरले, तब्येत सुधारली. १९०३ मध्ये येल विद्यापीठात प्राध्यापक चिटेंडन यांनी त्याची परीक्षा घेतली, तेव्हा पन्नाशी ओलांडलेला हा माणूस तालमीतल्या पोरांच्या बरोबरीने व्यायाम करताना आढळला. मग काय विचारता! लोक मेजवान्यांना एकत्र जमून मुकाट्याने चावू लागले. तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने तीन महिने चावून पाहिले आणि नाद सोडला. त्याचा कादंबरीकार भाऊ हेन्री काही वर्षे नेटाने चावत राहिला आणि शेवटी आपल्या दुखण्याचे खापर त्याच चावण्यावर फोडून मोकळा झाला.

चुकले कुठे? सावकाश खाण्यात चूक नाही. आजचे डॉक्टरही तेच सांगतात. पण आकडा आला की लक्ष अन्नावरून उडून आकड्यावर बसते. एकवीस, बावीस, तेवीस मोजणाऱ्या मुलाला बटाट्याची चव विचारून पाहा.

या चावणाऱ्यांत प्राग शहरातला एक तरुणही होता, फ्रान्झ काफ्का. तो रात्री सुकामेवा, फळे असे काहीतरी घेऊन बसे आणि फ्लेचरच्या पद्धतीने चावत राही. त्याने एका पत्रात लिहिले आहे की ते पाहवेना म्हणून बापाने कित्येक महिने जेवताना वर्तमानपत्र तोंडापुढे धरले. पुढे १९१९ साली, छत्तीस वर्षांचा असताना, काफ्काने बापाला एक अतिशय लांब पत्र लिहिले. ते बापाच्या हाती कधी पडलेच नाही. त्यात जेवणाच्या टेबलाची हकीकत आहे. बाप सगळे गरमागरम, भराभर आणि मोठमोठ्या घासांनी खाई. म्हणून मुलांनीही घाई करायची. अन्नाला नावे ठेवायची नाहीत, पण बापाने ठेवलेली चालत. हाड दातांनी फोडायचे नाही. बापाने फोडले तर फोडले. खाली सांडायचे नाही, आणि शेवटी पाहावे तर सर्वांत जास्त सांडलेले बापाच्याच खुर्चीखाली. टेबलावर फक्त जेवायचे असा हुकूम; बाप मात्र तिथेच नखे कापी, पेन्सिलींना टोक काढी, कान कोरी. काफ्का म्हणतो की या बारीकसारीक गोष्टींचे त्याला काही वाटले नसते, पण जो माणूस माझ्या जगाचे माप होता तोच आपले नियम पाळत नव्हता.

हे पत्र मी रात्री अकरा वाजता वाचले आणि दिवा मालवून बराच वेळ अंधारात बसलो. हाड, नखे, पेन्सिली यांतले माझे काही नव्हते. वर्तमानपत्र होते.

इकडे विसाव्या शतकाच्या आरंभी मुलाच्या तोंडाचा ताबा घड्याळाने घेतला. न्यूझीलंडमध्ये ट्रुबी किंग नावाच्या डॉक्टरने १९०७ मध्ये बालसंगोपनाची एक संस्था काढली. बाळाला ठराविक तासांनीच पाजायचे, रात्री नाही, रडले तरी नाही, अशी त्याची शिस्त इंग्लंडपर्यंत पोचली. त्याविषयी जास्त लिहिण्यासारखे नाही. बाळाची भूक खोटी आणि घड्याळ खरे, एवढाच त्याचा मथितार्थ.

या घड्याळाच्या काळातच अमेरिकेत क्लारा डेव्हिस नावाच्या एका डॉक्टरबाईंनी नेमका उलटा प्रश्न विचारला: मुलाला काही सांगितलेच नाही तर ते काय खाईल? १९२६ मध्ये क्लीव्हलंडच्या एका रुग्णालयात त्यांनी काम सुरू केले, आणि पुढे शिकागोत ते वाढवले. एकंदर पंधरा मुले. आल्या वेळी सहा ते अकरा महिन्यांची, नुकतीच अंगावरून सुटलेली, दुधाखेरीज काही न चाखलेली. कोणी सहा महिने राहिले, कोणी चार वर्षांहून अधिक. त्यांच्यासाठी चौतीस पदार्थांची यादी केली होती: दूध, ताक, फळे, गाजर, बीट, वाटाणे, बटाटा, ओट, गहू, बार्ली, अंडी, मासे, मांस, काळीज, हाडातला गर, आणि वाटीत वेगळे मीठ. साखर नाही, डबाबंद काही नाही, मिसळून केलेला एकही पदार्थ नाही. प्रत्येक जेवणाला त्यांतले थोडे पदार्थ वेगवेगळ्या वाट्यांत मुलापुढे ठेवीत.

आणि इथे ती गोष्ट येते जिच्यासाठी मी हे सगळे सांगतो आहे. शेजारी चमचा घेऊन परिचारिका बसे. तिला आज्ञा अशी की चमचा हलवायचा नाही. मुलाने वाटीकडे हात केला, बोट दाखवले, तर त्या वाटीतला चमचाभर घ्यायचा, आणि त्याने तोंड उघडले तरच घालायचा. काही सुचवायचे नाही, घेतल्याबद्दल शाबासकी नाही, टाकल्याबद्दल नाराजी नाही. मुलाने बोटांनी खाल्ले तरी रीत शिकवायची नाही. ते थांबले, की वीस-पंचवीस मिनिटांत ताट उचलायचे.

आरंभी मुलांनी वाट्या चावल्या, चमचे चावले, नको ते थुंकले. थोड्याच दिवसांत प्रत्येकाची आवड ठरली, आणि दोघांची सारखी नव्हती. एखाद्याने सकाळी मोठा पेलाभर संत्र्याचा रस आणि काळीज खावे, रात्री अंडी, केळी आणि दूध. कोणत्याही आहारतज्ज्ञाने कपाळाला हात लावला असता. पण मुले धष्टपुष्ट वाढली. एकाला आला तेव्हा मुडदूस होता. त्याच्या ताटात कॉडमाशाच्या तेलाचा एक पेला ठेवीत. ते घाणेरडे तेल त्याने आपल्या मनाने, कधी कमी कधी जास्त, हाडे बरी होईपर्यंत घेतले. बरी झाल्यावर सोडले.

हा प्रयोग पुष्कळांनी चुकीचा वापरला. मुलाला शरीरच सांगते, तेव्हा चॉकलेट मागितले तर चॉकलेट द्या, असा त्याचा अर्थ लावला. डेव्हिसबाईंनी १९३९ च्या निबंधात स्वतःच सांगून टाकले होते की यातली खुबी यादीत आहे. ताटात जे जे होते ते सगळेच चांगले होते. मूल चुकणार कुठे? म्हणजे यादी मोठ्यांची, तोंड मुलाचे. १९८० नंतरच्या दशकात एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी हीच वाटणी जास्त स्पष्ट केली. काय, केव्हा, कुठे हे आईबापांनी ठरवावे. खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. २००६ मध्ये तिथल्याच काही संशोधकांनी शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांना दोन प्रकारची सुपे दिली. एकाच्या वेळी ‘सूप संपव’ असे पुन्हा पुन्हा सांगितले, दुसऱ्याच्या वेळी गप्प राहिले. जे संपवायला सांगितले ते मुलांनी कमी प्यायले, वर त्याला नावेही ठेवली. आमच्या शाळेतल्या शिपायाने हे प्रयोग न करता सांगितले असते. पण ते असो.

मग ‘संपव’ हा शब्द आला कुठून? त्याला टंचाईचा इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, अमेरिकेने हर्बर्ट हूव्हरच्या हाताखाली अन्नखाते उघडले. युरोपला धान्य पाठवायचे म्हणून शाळेतल्या मुलांकडून ताट स्वच्छ करण्याच्या प्रतिज्ञा घेतल्या. दुसऱ्या युद्धानंतरही तो प्रकार पुन्हा झाला. आपल्याकडे १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. देशाला सांगण्याआधी त्यांनी स्वतःच्या घरात एक रात्र चूल पेटू दिली नाही, मुलांना भूक सोसते की नाही ते पाहिले, आणि मगच बोलले, असे त्यांच्या मुलाने सांगितले आहे. टंचाई जाते, धान्य येते, पण शब्द घरात राहतो. ज्या ताटासाठी तो निघाला ते ताट कधीच उचलले गेलेले असते.

माझ्या घरात तो १९७२ पासून राहिला. त्या वर्षी मी अकरा वर्षांचा. पाऊस आधीच्या दोन वर्षी रुसलेला, त्या वर्षी आलाच नाही. विहिरी तळाला गेल्या, जनावरे बाजारात कवडीमोलाने गेली. आई आणि आबा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात अशा कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. त्या आकड्यातले दोन माझे. कामावर सुकडी मिळे, रेशनवर अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो. तिच्या पिठाला चिकटपणा नव्हता. भाकरी थापताना कडेने फाटे, तव्यावर टाकताना तुटे. तिचा वास मला अजून कधीतरी, काही कारण नसताना, येतो.

रात्री आबा भाकरीचे चार भाग करीत. आई म्हणे, मी कामावरच खाल्ले. आबा तिचा भाग बाजूला ठेवीत, झाकीत, आणि आपला भाग खाऊ लागत. फार हळू खात. प्रत्येक तुकडा मिरचीच्या पाण्याला लावून तोंडात घालीत आणि मग हात मांडीवर ठेवीत. शेवटी ताटात भुगा राही. आबा बोट जिभेला लावून ओले करीत आणि त्या बोटाने एकेक कण टिपून तोंडात घालीत. मी आणि बहीण तसेच करीत असू. ‘टाकू नका’ असे आबा आम्हाला एकदाही म्हणाल्याचे मला आठवत नाही. आमच्या ताटाकडे ते पाहतच नसत. आता वाटते, की आमच्या ताटात किती कमी आहे ते त्यांना पाहवत नसेल.

मी मात्र यातून नियम तेवढा उचलला. पानात काही टाकायचे नाही. हा आबांचा नियम आहे असे मी घरात सांगत आलो.

मार्च १९९२. आम्ही साताऱ्याला दोन खोल्यांत राहत होतो. मुलगा सात वर्षांचा. त्या रात्री गवारीची भाजी होती. त्याने दोन शेंगा चघळून बाजूला काढल्या. मी म्हणालो, ही संपल्याशिवाय उठायचे नाही. पगार वेळेवर होत होता, डब्यात ज्वारी होती, भांड्यात आणखी भाजी होती. कोणाचेही काही बिघडत नव्हते. पण माझ्यात मिलोची भाकरी जागी झाली होती. तो उठला नाही, मीही उठलो नाही. माझे जेवण झाले होते. मी त्याच्यासमोर बसून राहिलो, आणि त्याचे तोंड दिसू नये म्हणून वर्तमानपत्र उघडून पुढे धरले. साडेनऊ झाले. दहा झाले. बायको दोनदा दारात येऊन गेली. साडेदहाला कागद खाली केला, तर तो बसल्या जागी भिंतीला टेकून झोपला होता. एक गाल फुगलेला होता. घास तसाच आत होता. बायकोने काही न बोलता बोट घालून तो काढला, त्याचे तोंड पुसले आणि त्याला उचलून नेले.

त्यानंतर त्याने पानात कधी काही टाकले नाही. नावडते असेल ते पाण्याबरोबर गिळू लागला. पाच मिनिटांत जेवण उरके. आम्ही पाहुण्यांना कौतुकाने सांगत असू, आमचा हा सगळे खातो. आज चाळिशीला आला, तरी त्याचे ताट माझ्या अर्ध्या जेवणात रिकामे होते, आणि काय खाल्ले ते विचारले तर त्याला आठवावे लागते.

त्याच मुक्कामात एका रात्री नात झोपल्यावर मी त्याला विचारले, “गवारीची भाजी आठवते का रे?”

“कुठली?”

मी सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला.

“भाजी नाही आठवत, बाबा. पेपर आठवतो. विश्वचषक चालू होता ना तेव्हा. मागच्या पानावर क्रिकेट होतं. तुम्ही धरलं होतंत, तर मी ते सगळं वाचून काढलं.”

मग तो हसला. मी हसलो की नाही ते मला सांगता येत नाही. क्षमा मागावी असे मनात होते. तोंडातून निघाले ते एवढेच, की मुलीला भरवताना तुम्ही तिच्या समोर तरी बसता, मी कागदाआड बसलो होतो. तो म्हणाला, “मोबाइल वाईट आहे हे कळतं हो. पण ती न जेवता बसली, की मला त्या खोलीत गेल्यासारखं होतं. मग मी काहीही करतो.”

दुसऱ्या दिवशी मी सुनेला म्हटले की आज माझे ताट तिच्याबरोबर वाढ. मी भाकरी मागितली होती. नातीच्या समोर तेच निळे जनावर गात होते. मी ताटाला हात लावला, कपाळाला लावला आणि जेवू लागलो. तिच्या ताटाकडे पाहायचे नाही असे ठरवले होते. ते किती कठीण असते हे ज्याने केले त्याला कळेल. शेवटी सवयीने बोट ओले केले आणि भुगा टिपू लागलो.

“आजोबा, काय करताय?”

“जेवतोय.”

“असं?”

“असं.”

तिने बोट तोंडात घातले, बाहेर काढून नीट पाहिले आणि माझ्याच ताटातला एक कण टिपला. मग दुसरा. मोबाइल चालूच होता. भाताचे चार घास तिने ठेवले आणि खुर्चीवरून उतरून ती पळाली. ते चार घास मला दिसले नाहीत असे मी म्हणणार नाही.